गहू न पाहिलेली घरघंटी

सोलापुरात राहून घरघंटी घ्यायची म्हटलं की लोक हसतात. गल्लीगल्लीत गिरणी आहे, ज्वारीचं दळण सकाळी टाकलं की दुपारी मिळतं, मग वीस-बावीस हजार घालून स्वयंपाकघरात वॉशिंग मशीनएवढं धूड कशाला आणायचं? आमच्या ह्यांचाही पहिला प्रश्न हाच होता. घरी दळलं की जीवनसत्त्वं टिकतात, पीठ पौष्टिक राहतं वगैरे जे दुकानदार सांगतात, तेवढ्यासाठी घेणार असाल तर मीही म्हणेन, राहू द्या. गिरणीचं पीठ चांगलं असतं आणि भाकरी तर थोडी सरसच होते. आमच्याकडे घरघंटी आली ती सूनबाईसाठी. तिला सिलिअ‍ॅक आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी ती घ्यावी का, घेतली तर काय सांभाळावं, एवढ्यापुरतंच हे लिहिते आहे.

आजाराचं थोडक्यात सांगते, कारण अजूनही पुष्कळांना हे डाएटचं फॅड वाटतं. सूनबाईचं हिमोग्लोबिन लग्नाच्या आधीपासूनच आठ-नऊच्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे सगळं करून झालं होतं. तोंड यायचं, पोट फुगायचं, जिना चढला की धाप लागायची. एका डॉक्टरीणबाईंनी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी करायला लावली. तो आकडा भरमसाट आला. मग दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे काढले, बायोप्सी झाली. आतड्याला आतून अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे असतात, ते तिचे झिजून सपाट झाले होते. गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर चाल करून जातं. त्यामुळे गोळ्यांतलं लोह पोटापर्यंत जायचं, पण रक्तात उतरायचं नाही. यावर औषध नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक विलायती धान्य) जन्मभर बंद, हाच उपचार. हा आजार घराण्यातून येऊ शकतो म्हणून तिच्या भावालाही तपासून घ्यायला सांगितलं. तेव्हा डॉक्टरांनी विहीणबाईंना बजावलं की तपासणीच्या आधी त्याचा गहू तोडू नका. गहू सोडला की आकडा उतरतो आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

तर गहू बंद. भाकरीच्या गावात हे काय अवघड, असं आम्हाला वाटलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं, भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, यांत गहू कुठेच नाही. गव्हाची हुग्गी आणि शेंगापोळी गेली, तेवढं सोसू. पण ताटातून हाकललेला गहू गिरणीतून परत येत होता.

गिरणीत काय होतं ते रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. 'आमचा गहू ज्वारीवर टाकू नका हो' असं आपण ओरडून सांगतो, कारण चपाती बिघडते. मग गिरणीवाला गव्हावर गहू उरकतो आणि त्यानंतर ज्वारी घालतो. गव्हावर ज्वारी टाकली तर कोण तक्रार करणार? दगडांमध्ये, पन्हाळीत आणि पीठ पडायच्या कापडी नळीत राहिलेलं आधीच्याचं पीठ आपल्या डब्यात येतं. तुम्हा-आम्हाला त्याचं काही नाही. पण ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्याकडच्या एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे आणि जगात बहुतेक ठिकाणी हीच मर्यादा धरतात. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन असतो. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात 200 मिलिग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा गाठली. 200 मिलिग्रॅम ही नीट चिमूटसुद्धा नव्हे. गिरणीत तर पहिले दोन ओंजळी पीठच आधीच्याचं असतं.

आमचा गिरणीवाला भला माणूस. 'वहिनी, सकाळी उघडल्या उघडल्या तुमचं काढून देतो' म्हणाला, आणि बरेच दिवस त्यानं तसं दिलंही. पण रात्री शेवटी दळलेला गहू सकाळी आतच असतो. शिवाय भिंतीवर, पंख्यावर, त्याच्या पापण्यांवरसुद्धा कणीक. सूनबाईचा टीटीजी थोडा उतरला आणि तिथेच अडून बसला. डॉक्टरीणबाईंनी पीठ कुठून आणता, असं विचारलं आणि मामला तिथे उघड झाला.

पाकिटातली ग्लूटेन-फ्री पिठं आम्ही आणून पाहिली. बहुतेकांत तांदूळ, मका, टॅपिओकाचा स्टार्च आणि चिकटपणासाठी झँथन गम असतो. चपाती लाटली जाते, गरम असताना खाल्लीही जाते, पण गार झाली की पापड. आणि भाव! ज्वारीच्या कित्येक पटीनं. प्रवासाला, पाहुण्यांकडे न्यायला एखादं पाकीट बरं. रोजच्या जेवणाला आमच्यासारख्यांना ते झेपत नाही.

माझ्या नणंदेकडे घरघंटी पडून होती. मुलं पुण्याला गेली, दळणार कोणाला? 'घेऊन जा वहिनी, पैसे कसले मागता' म्हणाली. फुकटची वस्तू, तीही नणंदेनं प्रेमानं दिलेली, ती नाकारताना माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण तिनं त्यात वर्षानुवर्षं गहूच दळला होता. धुऊन देते म्हणाली. धुणार काय? झाकणाच्या रबराची खाच, मोटारीच्या बाजूच्या फटी, कापडी पिशवीची शिवण, इथे बसलेलं पीठ ब्रशनं निघत नाही आणि विजेच्या यंत्रात पाणी ओतता येत नाही. ती महिनाभर फुरंगटली होती. तुमच्याकडेही असं कोणी देऊ केलं तर गोड बोलून नाही म्हणा. या आजारात जुनी घरघंटी घेऊच नये, हे माझं ठाम मत आहे.

नवी घेतानाही एक भानगड असते, ती कोणी सांगत नाही. टेम्पोतून खोकं आलं, बरोबर मेकॅनिक. चटपटीत पोरगा. खोकं फोडलं, पट्ट्या काढल्या, प्लग लावला आणि पाठीवरच्या सॅकमधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात अर्धा किलोभर गहू. 'काकू, डेमो दाखवतो. पीठ बघा कसं मऊ पडतं.' पिशवीची गाठ सोडून त्याचा हात होपरवर, म्हणजे धान्य घालायच्या तोंडावर गेला, तोच आमची सूनबाई, जी एरवी चार माणसांत खालच्या आवाजात बोलते, ती ओरडली, 'दादा, थांबा!' तो दचकला. चार दाणे झाकणावर उडालेच. झाकण अजून बंद होतं म्हणून निभावलं. ते दाणे मी ओल्या फडक्यानं टिपले आणि फडकं थेट कचऱ्यात टाकलं. 'पण काकू, डेमो गव्हाचाच असतो,' त्याचं आपलं चालूच. मी आतून तांदूळ आणून दिले. तांदळावर घ्या डेमो. घेतला की, न घ्यायला काय झालं! बिचाऱ्यानं जाताना सूनबाईला विचारलं, 'ताई, गव्हाची एवढी ॲलर्जी असते?' ॲलर्जी हा वेगळा आजार, हा वेगळा, पण तिनं मान डोलावली आणि त्याला पाणी दिलं.

दुकानात पैसे भरायच्या आधी मी आणखी एक विचारलं होतं. कारखान्यात मशीन चालवून बघताना त्यात काय घालतात? दुकानदाराला माहीत नव्हतं. कंपनीला फोन करून कळवतो म्हणाला, ते आजतागायत कळवलेलं नाही. म्हणून आम्ही धरून चाललो की गहू घातला असणार. जाळ्या, पाती, पिठाचा डबा सगळं सुटं करून कोरड्या ब्रशनं झाडलं, सुटे भाग गरम पाण्यानं धुऊन उन्हात खणखणीत वाळवले. कापडी पिशवी नवी मागवली. मग रेशनचे चार-पाच किलो तांदूळ थोडे थोडे करून दळले आणि ते सगळं पीठ शेजारच्या गोठ्यात गायीला दिलं. ह्यांनी तेवढ्यात टोमणा मारलाच की गायीला घरघंटीचं पीठ आणि मला गिरणीचं.

आता यंत्राबद्दल. आमची एक एचपीची आहे, घरच्या सिंगल फेजवर चालणारी. होपरमध्ये साधारण पाच किलो धान्य मावतं, संपलं की आपोआप बंद होते. यात दगड नसतात. स्टीलची पाती धान्य फोडतात आणि भोवतीच्या जाळीतून पीठ खाली डब्यात पडतं. जाळी बदलली की भरड-बारीक बदलतं. वीज फारशी खात नाही, तासभर सलग चालवली तर पाऊण युनिट. प्लग मात्र मोठा, गिझरला लागतो तसा लागतो. आमच्या स्वयंपाकघरात तो फ्रिजच्या मागे होता. इलेक्ट्रिशियनला बोलावून पाचशे रुपये घालवले तेव्हा कुठे ती जागेवर बसली.

आवाज आहे, आणि चांगलाच आहे. मिक्सर सहन होतो कारण तो दोन मिनिटांत थांबतो. ही वीस-पंचवीस मिनिटं घरघरते. दुपारी एक ते चार आम्ही लावत नाही, खालच्या मजल्यावरच्या आजी झोपतात. दळताना झाकणाच्या कडेनं बारीक धुरळाही उडतो. धुरळा अजिबात नाही असं माहितीपत्रकात छापलं आहे, ते खरं नाही.

ज्वारी कशी पडते, हा सोलापूरकरांचा खरा प्रश्न. आम्ही मंगळवेढ्याकडची मालदांडी आणतो. सगळ्यात बारीक जाळीवर पीठ मऊ पडतं, पण गिरणीच्या दगडाखालून निघाल्यासारखं लुसलुशीत नाही. बोटात चोळलं की किंचित रवाळ लागतं. शिवाय पात्यांच्या घर्षणानं पीठ गरम होतं. तसंच झाकून ठेवलं की डब्याला आतून घाम येतो. दळून झालं की परातीत पसरावं, गार झाल्यावर भरावं. थापताना कडा चिरतात असं सुरुवातीला झालं, ते आधणाच्या पाण्यात पीठ मळल्यावर थांबलं. फायदा असा की दर चार दिवसांनी हवं तेवढंच दळता येतं. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी परातीतच तुटते. घरघंटी आल्यापासून आमच्याकडे शिळं पीठ नसतं. भाकरीला मी दहात सात देईन, गिरणीला नऊ.

तांदळाला मात्र पैकीच्या पैकी. आंबेमोहोर धुऊन, सावलीत फडक्यावर पसरून, हाताला कोरडा लागेपर्यंत वाळवायचा आणि बारीक जाळीवर दळायचा. त्या पिठाची उकड अशी होते की गणपतीत मोदकाची पारी कागदासारखी पातळ निघाली. अर्धवट ओला तांदूळ टाकाल तर जाळी बुजते, मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसा. भगर, राजगिरा, नाचणी छान दळली जातात. हरभराडाळ सावकाश घालावी लागते, पण घरचं बेसन हा या यंत्राचा मोठाच उपकार आहे. बाजारच्या सुट्या बेसनात काय काय असतं ते देव जाणे. शेंगदाणे, तीळ, जवस घालू नयेत. तेल सुटतं, जाळीवर लगदा बसतो.

भाजणी घरीच करते. चकलीच्या भाजणीत आमच्याकडे गहू नसतोच, थालीपिठाच्या भाजणीतला मी काढला आणि ज्वारी वाढवली. चवीत फरक कळत नाही. मेतकुटात मूठभर गहू असतो हे पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही. तोही काढला.

आता घरघंटी जे करू शकत नाही ते. ती धान्य निवडत नाही. रब्बीची ज्वारी आणि गहू मागेपुढेच निघतात, बहुतेक गावात एकच मळणी यंत्र दोन्हींवर चालतं. त्यामुळे पोत्यात गव्हाचे दाणे येतातच. किराणा दुकानात एकच माप गव्हाच्या पोत्यातून ज्वारीच्या पोत्यात जातं. दहा-बारा किलोतून आम्हाला बशीत मोजण्याइतके दाणे सापडतात, आणि किलोमागे पाच-सहा दाणे राहिले तरी हिशेब चुकतो. म्हणून स्टीलच्या ताटात, खिडकीजवळ, चष्मा लावून मूठमूठ ज्वारी निवडायची. पांढऱ्या गोल ज्वारीत लांबट तपकिरी गहू डोळ्यांत भरतो, ते बरं आहे. मसुरीत आणि मेथीत तो चटकन दिसत नाही. यंत्र विकणारा हे काम सांगत नाही. दळायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ निवडायला लागतो, आणि तो वेळ माझा जातो. निवडलेलं, घरी दळलेलं पीठसुद्धा कोणी तपासून दिलेलं नसतं, त्यावर 20 मिलिग्रॅमचा शिक्का नाही. आमच्याकडे शिक्का एकच, सूनबाईचा रिपोर्ट. टीटीजी पुन्हा उतरायला लागला आहे आणि हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं आहे.

आणि घरघंटी घेतली म्हणजे स्वयंपाकघर सुटलं असंही नाही. चाळण वेगळी लागते, कणकेची चाळण कितीही धुतली तरी तिच्या जाळीत पीठ राहतं. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं. तवा वेगळा, निदान तिची भाकरी आधी आणि चपात्या नंतर. हिंग बघून घ्यावा. बहुतेक बांधणीच्या हिंगात मैदा असतो. तांदळाच्या पिठातला मिळतो, डबीवर वाचून घ्या. सातूच्या पिठात गहू किंवा जव, कुरडई गव्हाच्या चिकाची, सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. प्रसादाला नाही म्हणू नये म्हणणाऱ्या बायकांना उत्तर देण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. तिच्यासाठी वेगळा राजगिऱ्याचा शिरा करते आणि नैवेद्यात तोही ठेवते.

खपली गव्हाबद्दल एकदाच सांगते. 'खपली चालतो, त्यात ग्लूटेन नसतं' असं सांगून पाव किलो पीठ घेऊन येणारे हितचिंतक प्रत्येकाच्या ओळखीत असतात. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असतं. कोणाला तो पचायला हलका जात असेल, मधुमेहाला बरा म्हणतात, ते असो. सिलिअ‍ॅकला चालत नाही. तो तुमच्या घरघंटीत शिरला की तुमची घरघंटी संपली.

दुरुस्ती-सेवेबद्दल माझी नाराजी आहे. वर्षाच्या आत कापडी पिशवी शिवणीतून उसवली, आणि धान्य असतानाच मशीन बंद पडायला लागलं. फोन केल्यावर मेकॅनिक चार दिवसांनी आला. त्यानं सॅकमधून स्वतःचा ब्रश काढला आणि सरळ आत घालायला निघाला. तो ब्रश दिवसभर गावातल्या गव्हाच्या घरघंट्या झाडून आलेला, केसांत कणीक दिसत होती. बदली म्हणून आणलेली जाळीही वापरलेली! आता ब्रश आमचा, फडकं आमचं आणि सुटा भाग पाकीटबंद असेल तरच. हे फोनवरच सांगून ठेवते. दुकानवाल्याला याचं महत्त्व दोनदा समजावलं, त्यानं दोन्ही वेळा हो म्हटलं, पाठवायचं ते पाठवलंच.

कोणी घेऊ नये? ज्यांना सिलिअ‍ॅक नाही, नुसता गहू सोसत नाही, चपाती खाल्ली की पोट जड होतं, तपासण्या करून डॉक्टरांनी सिलिअ‍ॅक नाही असं सांगितलं आहे, त्यांनी एवढा खर्च करायच्या आधी गिरणीवाल्याला सकाळचं पहिलं दळण मागून बघावं. माझ्या धाकट्या बहिणीचं तसंच आहे आणि तिचं तेवढ्यावर भागतं. एकटं राहणाऱ्यालाही हे धूड नको. चांगल्या मिक्सरचं एक भांडं निव्वळ वेगळं ठेवलं तर एका माणसापुरतं तांदळाचं, भगरीचं पीठ निघतं, फक्त ज्वारी मनासारखी होत नाही. आणि ज्यांच्या घरात 'एवढ्या महागाचं मशीन आहे तर गहूही दळू, नंतर पुसून घेऊ' म्हणणारं एकही माणूस आहे, त्यांनी मुळीच घेऊ नये. आमच्याकडे तो धोका ह्यांच्याकडून होता. म्हणून घरघंटीच्या झाकणावर सूनबाईनं लाल ऑइल पेंटनं फुली मारून ठेवली आहे आणि गव्हाचा डबा गॅलरीत गेला आहे.

घेणार असाल तर बिलावर 'डेमो गव्हाशिवाय' असं लिहून घ्या, एक जादा कापडी पिशवी आणि बारीक जाळी त्याच वेळी मागा. नंतर मागितली की दुकानवाला भाव लावतो. आम्हाला सगळं धरून साडेएकवीस हजारांना पडली. दिवाळीच्या आधी सूट असते म्हणतात, आम्ही मार्चमध्ये घेतली, रब्बीची नवी ज्वारी यायच्या बेतानं. यंत्राला मी पाचात साडेतीन तारे देते, दुरुस्ती-सेवेला दीड. नणंदेचा रुसवा गेला आहे. परवा ती चकलीची भाजणी दळायला घेऊन आली. तिची पिशवी मी ताटात ओतून निवडून घेतली, मगच होपरचं झाकण उघडलं.